काच शाबूत राहीपर्यंत

चितेगावच्या ज्या कारखान्यात मी काम करते, तिथं मोबाईल गेटवरच्या कप्प्यात ठेवूनच आत जावं लागतं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन फोन उघडला, तेव्हा दोन निरोप आलेले होते. पहिला सकाळचा, भाऊकाकांचा : ‘तीन नंबर शाबूत. अजून बघू.’ दुसरा काकूचा, आवाजातला, ‘घरी ये’ एवढाच. काकू मला कामावरून कधी बोलावत नाही. वाटेत मी तो पहिला निरोप पुन्हा पुन्हा वाचत होते आणि भीतीच्या आधी मला चीड येत होती. घरी पोचले तर फाटकाबाहेर चपलांचा ढीग. नाश्ता करून भाऊकाका व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले होते, ते तसेच गेले होते…

भाऊकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आई-वडील वैजापूरला, मला शहरातल्या इंग्रजी शाळेत घातलं तेव्हापासून मी काका-काकूंकडेच राहते. शाळेत मराठी बेताचंच होतं. जे आलं, ते या दोघांच्या भांडणांतून आलं. मी मुळात कमी बोलते, त्यामुळे ऐकायला भरपूर वेळ मिळाला. आणि भांडणाचा विषय, निदान जूनपासून दिवाळीपर्यंत, एकच असायचा : तळघराच्या भिंतीतली भेग. ‘तीन नंबर’ म्हणजे त्या भेगेवर चिकटवलेली तिसरी काचपट्टी.

आमचं घर पैठण रस्त्याकडच्या वसाहतीत, पूर्वीच्या शेतजमिनीवर आहे. खाली सगळी काळी माती. पाऊस झाला की ती फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आक्रसते की जमिनीला पाऊल जाईल एवढ्या भेगा पडतात. असल्या मातीत तळघर बांधू नये हे आमच्याकडे कोणालाही कळतं, आणि भाऊकाकांना तर जास्तच कळत होतं, कारण त्यांची सगळी नोकरी कालव्यांच्या कामांवर याच मातीशी झगडण्यात गेली. तरी त्यांनी तळघर बांधलं. काकूच्या शिवणक्लासला उन्हाळ्यात गारवा मिळेल, हे त्यांनी सांगितलेलं कारण. न सांगितलेलं कारण काकू सांगायची, “समदे नको म्हनले म्हनून बांधलं.” आराखडा त्यांचा, सळ्या त्यांनी निवडलेल्या, काँक्रीट ओतताना स्वतः उभे. काही वर्षं ठीक गेली. मग एका पावसाळ्यात पूर्वेकडच्या भिंतीत, झरोक्याच्या कोपऱ्यापासून फरशीपर्यंत तिरपी भेग उतरली आणि तिच्यातून पाणी झिरपायला लागलं.

दुसरं कोणी असतं तर गवंडी बोलावून सिमेंट भरून मोकळं झालं असतं. भाऊकाका खिडकीच्या काचेच्या पातळ पट्ट्या कापून घेऊन आले. भेगेवर आडव्या ठेवून त्यांची दोन्ही टोकं त्यांनी सिमेंटनं भिंतीला पक्की केली आणि प्रत्येकीला वरून खाली नंबर दिले. भिंत जराही हलली तर काच तडकणार. काच तडकली म्हणजे भेग अजून चालू आहे, आणि चालू भेग भरायची नसते. “आत्ता भरली ना माय, तर शेजारून फुटंल,” ते मला सांगायचे. मला ते ‘माय’च म्हणायचे. “आधी तिला थांबू द्यायचं. थांबली की मग भरायची.”

मुद्दा चुकीचा नव्हता. ते नुसते बसूनही राहिले नाहीत. गच्चीचं पाणी भिंतीपाशी पडायचं, तो पाईप त्यांनी लांब नेला. घराभोवती बाहेरच्या बाजूला उताराची फरशी घातली. कोपऱ्यातलं अशोकाचं झाड काढलं, त्यावरून शेजाऱ्यांशी बोलणं बंद झालं तरी काढलं. पण दर पावसाळ्यात एखादी तरी काच तडकायचीच, आणि ते नवी बसवायचे. मग पुन्हा एक वर्ष.

इकडे काकूचा क्लास. पावसाळा आला की मशीनं वर हॉलमध्ये यायची, ती मावायची नाहीत म्हणून निम्मी झाकून ठेवायची. खाली राहिलेल्या कापडाला कुबट वास लागायचा. मुली ब्लाऊज शिकेपर्यंत यायच्या, क्लास बंद झाला की छावणी भागातल्या दुसऱ्या क्लासला जायच्या आणि परत यायच्या नाहीत. काकूला पंजाबी ड्रेस, फ्रॉक, नऊवारी सगळं शिकवायचं होतं. पूर्ण वर्षाचा क्लास असावा, एवढीच तिची इच्छा होती. ती इच्छा त्या भिंतीपुढे प्रत्येक जूनमध्ये मागं सरायची.

“साऱ्या मुलखाचे कालवे नीट केले,” ती पोळ्या लाटता लाटता म्हणायची, “घरातला पाझर तेवढा ऱ्हायला.”

“पाझर न्हाई तो. ओल हाय.”

“ओल म्हना नाहीतर गंगा म्हना, मशीन गंजलं माझं.”

“अगं, काच तर शाबूत राहू दे.”

“काच तुमची शाबूत, क्लास माझा फुटला.”

भाऊकाका हसायचे. काकू हसायची नाही. मला ते हसणं कधी आवडलं नाही.

मी बोलले नाही असं नाही. कारखान्यात आमच्या एका टाकीच्या भिंतीचं असंच काम झालं होतं. भेगेच्या दोन्ही बाजूंनी छिद्रं पाडून त्यांत नळ्या बसवल्या आणि पंपानं आत रसायन सोडलं. ते भिंतीत फुगतं, पाणी अडवतं आणि रबरासारखं लवचिक राहतं, त्यामुळे भेग थोडी हलली तरी चालतं. थांबायची गरजच नाही. मी काकांना फोनवर त्याचं चित्रण दाखवलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिलं.

“रबर?” ते म्हणाले. “भिंत हाय का स्लिपर?”

“पण काका, चालतं ते. मी बघितलंय.”

“किती वर्षं बघितलंस?”

टाकीचं काम अलीकडचंच होतं. त्यांना ते ठाऊक होतं, म्हणूनच तो प्रश्न होता. ती भिंत त्यांनी स्वतः बांधली होती. दुसऱ्या कोणी येऊन तिला भोकं पाडावीत, हे त्यांना सहन होणार नव्हतं, असं मला आता वाटतं. तेव्हा फक्त एवढंच दिसत होतं की त्यांना भेग बुजवण्यापेक्षा बघण्यात जास्त रस आहे.

त्यांच्या छातीचंही तेच झालं. जिना चढताना दुखायचं. डॉक्टरांनी तपासणी करून घ्या म्हणून सांगितलं. काकू म्हणाली, मी म्हणाले, वडील वैजापूरहून येऊन सांगून गेले. “थांबा जरा,” ते म्हणाले. “वाढतंय का कमी होतंय ते तर कळू द्या.” एका रविवारी मी रिक्षा फाटकात आणून उभी केली, तर ते रिक्षावाल्याशी त्याच्या गावाच्या पाण्याबद्दल बोलत बसले आणि शेवटी त्याला चहा पाजून परत पाठवलं. त्यांच्या छातीवर काच लावता येत नव्हती… नाहीतर त्यांनी तीही लावली असती.

दहाव्याला, तेराव्याला भेटायला येणारा प्रत्येक माणूस म्हणत होता, भाऊसाहेब म्हणजे संयमाचा पुतळा. घाई अशी कधी नाही. मी पाण्याचे ग्लास घेऊन फिरत होते आणि मान हलवत होते. काकू एकदाच बोलली. तिची लांबची नणंद म्हणाली, “लई धीराचा माणूस.” काकू म्हणाली, “व्हय. धीर त्यांचा आन् वाट बघनं माझं.”

तेरावं झालं आणि काकूनं मला त्या टाकीवाल्या ठेकेदाराला फोन करायला सांगितलं. तो आला, बॅटरीच्या उजेडात भेग पाहिली, काचांवरून बोट फिरवलं. वरच्या दोन्ही तडकलेल्या होत्या, तिसरी अखंड. “ताई, ये काम तो कबका हो जाता,” तो म्हणाला. वाईट हेतूनं नाही, सहज. त्याच्या माणसांनी काचा काढायला पटाशी घेतली तेव्हा काकूनं ती त्यांच्या हातातून घेतली आणि तिन्ही पट्ट्या स्वतः उखडल्या. जोरात, प्लास्टरसकट. तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत दिले. मी ठेवून घेऊ का विचारणार होते, पण तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि प्लास्टरचा चुरा झाडायला घेतला.

छिद्रं, नळ्या, पंप. आठवड्याच्या आत काम आटोपलं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी घर दोन भागांत वाटलं गेलं होतं, ते काम. मला हायसं वाटायला हवं होतं. पण त्या माणसांनी हात धुऊन नळाखालची बादली सरळ केली तेव्हा माझ्या मनात एकच होतं : एवढंच होतं, काका. एवढंच होतं.

मग सलग पाऊस झाला. भिंत कोरडी राहिली. भेग पडल्यापासून पहिल्यांदाच ऐन पावसाळ्यात काकूचा क्लास तळघरात भरला आणि मुली वाढल्या. कापड ठेवायला काकूनं एक जुनं लोखंडी कपाट विकत घेतलं. मशीनं आणि कटिंगचं टेबल सोडलं तर एकच पुरेशी मोकळी जागा होती, त्या पूर्वेकडच्या भिंतीशी. दोन मुली आणि मी मिळून कपाट ढकलत तिकडे न्यायला लागलो. काकूनं मशीन थांबवलं.

“तिथं नको.”

“का? आता तर ओल नाही.”

“नको म्हनले ना. भिंत दिसाया पायजे.”

“काय बघायचंय आता तिच्यात?”

ती सुईत दोरा ओवत होती. गेला नाही, टोक तोंडात धरून ओलं केलं, पुन्हा ओवला. “हा पावसाळा जाऊ दे,” ती म्हणाली. “मग बघू.”

मुली माझ्याकडे बघत होत्या. मला मोठ्यानं बोलावंसं वाटलं. काकूवर, त्या भिंतीवर, आणि ज्यांच्यावर आता आवाज चढवून उपयोग नाही त्यांच्यावर. मी कपाटाची एक बाजू धरली आणि मुलींना म्हटलं, जिन्याखाली घ्या. तिथं ते बसलं, पण जिन्याला अडून त्याचं एक दार अर्धंच उघडतं. काकू रोज हात वाकडा करून आतलं कापड काढते. भिंत मोकळी आहे.