बंडीची वाट आणि वीस वर्षं

अर्जुनी मोरगावजवळच्या आमच्या शेताला रस्ता नव्हता. धान कापून झाला की भाऱ्यांनी भरलेली बंडी, म्हणजे बैलगाडी, शेजाऱ्याच्या बांधीतून, त्याच्या धानाच्या शेतातून काढावी लागे. बंडी जुंपण्याआधी बाबा दरवर्षी त्याच्या अंगणात जात. लहानपणी मीही मागोमाग जायची, कारण तिथं गुळाचा चहा मिळे. त्या सकाळी मला अजून आठवतात.

"भाऊ, उद्या बंडी नेऊ का?"

"काऊन पुसतस रे दरसाल? तुझी बंडी काय उडून जाते? इथूनच तं जाईल!" म्हातारा शेजारी म्हणे, आणि दोघंही हसत.

पुढे मी गोंदियात वकिलीच्या पहिल्या वर्षाला गेले. कॉलेज पाहिलेली घरातली मी पहिलीच, त्यामुळे वर्गात ऐकलेलं सगळं घरी न्यावंसं वाटे. मुदतीच्या कायद्याच्या तासाला कळलं की उसने दिलेल्या पैशांसाठी तीन वर्षांत दावा केला नाही, तर कोर्ट तो ऐकत नाही. सर पुढे म्हणाले, दुसऱ्याच्या जमिनीतली वाट वीस वर्षं उघडपणे, खंड न पडता वापरली तर तिच्यावर हक्क मिळतो. मला आमची बंडीच दिसली.

त्याच दिवाळीत शेजाऱ्याचा मुलगा बांधीला तारेचं कुंपण घालायला निघाला. त्याचं गोंदियात दुकान होतं. सिमेंटचे खांब येऊन पडले होते. वाट बंद झाली असती तर सगळे भारे डोक्यावरून आणावे लागले असते, आणि आईची कंबर आधीच गेली होती.

मी मोठ्या उत्साहानं पुस्तक उघडून बाबांना सांगू लागले आणि मध्येच अडखळले. वापर हक्कानं केलेला हवा, परवानगीनं नव्हे, असं तिथं लिहिलं होतं.

"बाबा, तुम्ही दरवर्षी विचारायला नको होतं."

"न पुसता जाऊ? चोर आहो का मी?"

"तसं नाही. पण कायदा न विचारता गेलेलंच धरतो."

"असा कसा तुझा कायदा, माय? पुसणारा खोटा अन् न पुसणाऱ्याले वाट?"

विचारल्याचं कुठं लिहिलेलं नाही, एवढं मी चाचरत म्हटलं. ते उठून बैलांना चारा टाकायला गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही बांधीवर गेलो. मुलगा खड्डे खणून घेत होता.

"क्या काका, बिटिया वकील बनून राहिली म्हणे. केस करोगे क्या? कितने साल से जा रहे हो?"

वीसच्या वरचा आकडा माझ्या तोंडाशी आला होता. बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"लगन झालं तवापासून. पण तुझ्या बापाले पुसल्याबिगर कधी चाक घातलं नाही. आज तुले पुसून राहिलो."

माझ्या पुस्तकाप्रमाणे आमचा दावा तिथंच संपला.

मुलगा कधी बाबांकडे, कधी खड्ड्यांकडे पाहू लागला. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसलेला त्याचा म्हातारा बाप मात्र ओरडला, "आता काय पाहून राहिलास? सोड ना बंडीपुरती जागा!"

"छोड रहा हूँ ना बाबूजी! चिल्लाते क्यों हो?"

म्हातारा काठी टेकत आला. त्यानं आधीच पुरलेल्या एका खांबावर काठी आपटली. "हा बी काढ. इथं बैल वळते, चाक घासते."

"राहू द्या ना भाऊ," बाबा म्हणत राहिले, पण पहार घेऊन माती तेच मोकळी करू लागले. मी खांबाचं वरचं टोक धरलं. तो फार जड होता.