यशोदाबाईंचा दाखल क्रमांक

हे मी घरातही कधी बोललो नाही. बायकोला वाटतं, शाळेचा इतिहास लिहिल्यापासून मी जरा फुशारलोय. तिला काय सांगू? तुम्हाला सांगून बघतो — अडखळलो तर चालवून घ्या.

पवनीजवळच्या आमच्या गावातली प्राथमिक शाळा पंचाहत्तर वर्षांची झाली. स्मरणिका काढायचं ठरलं आणि इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी तिथेच शिकलेला, तिथूनच मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला. कौलं कधी बदलली, विहीर कोणी खणली, सगळं विचारून लिहिलं. फक्त एक ओळ —

त्या ओळीआधी दुसरं सांगतो. धानाच्या रोवणीत आमची शाळा ओस पडायची. मुलं आईबरोबर भाताच्या खाचरात, बांधीत उतरायची आणि गुरुजी गैरहजेरीमुळे त्यांची नावं कमी करायचे. मूल परत आलं की त्याला नवा दाखल क्रमांक मिळायचा. त्यामुळे जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात एकच मूल दोनदा भेटतं. हे माझ्याइतकं गावात कोणाला ठाऊक असणार? निम्मी नोकरी त्या रजिस्टरांत गेली.

यशोदाबाई ढिवर मोहल्ल्यातल्या, ऐंशी ओलांडलेल्या. स्मरणिकेचं ऐकून काठी टेकत माझ्याकडे आल्या. "गुरुजी, या शाळेतली पयली पोरगी मीच होती. तेवढं लिवजा." त्यांची शाळा जेमतेम दीड वर्ष झाली. आता अक्षरही वाचता येत नाही.

आणि आमच्या घरात काय सांगत? पहिली मुलगी म्हणजे माझी आत्या. लहानपणापासून मीही ते पाहुण्यांना ऐकवत आलो. रजिस्टर उघडलं — पहिले सहा मुलगेच, सातव्या क्रमांकावर यशोदा. आत्या एकविसावी. रोवणीत यशोदाचं नाव कमी झालेलं, आणि पुढे तिसाव्या क्रमांकावर पुन्हा दाखल.

मी तिसावा क्रमांक धरला. सातवा पाहिलाच नाही असं ठरवलं. पहिली विद्यार्थिनी म्हणून आत्याचं नाव लिहिलं, सुवाच्य अक्षरात. कोणी दबाव आणला होता का? नाही. आत्याने एका शब्दानेही मागितलं नव्हतं. मलाच आमच्या घराचा तो मान सोडवेना.

यशोदाबाई पुन्हा विचारायला आल्या, तेव्हा मी त्यांच्यासमोर रजिस्टर उघडलं. तिसाव्या ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचून दाखवलं. त्या वाकून बघत राहिल्या — न वाचता येणाऱ्या पानाकडे. "रजिस्टरात हाय तेच खरं असन," म्हणाल्या. "मी लहान होती ना."

कार्यक्रमात आत्याला साडी आणि श्रीफळ दिलं. यशोदाबाई सतरंजीवर बसून टाळ्या वाजवत होत्या. माईक माझ्याच हातात होता. तेव्हा तरी बोलता आलं असतं ना? मी पुढच्या सत्काराचं नाव पुकारलं.

गेल्या महिन्यात त्या मला चावडीजवळ भेटल्या. थांबल्या, पदर सावरला, हात जोडले.

"गुरुजी, मी इतके साल पोरायले, नातवायले खोटंच सांगत राहिली. मले माफ करजा."

मी म्हणालो, "असू द्या." आणि त्यांना माफ केलं.