आष्टीत कोणत्या बाजूला?

पंचाहत्तर-शहात्तरची गोष्ट. बियाणांच्या यंत्रांचं काम शिकायला मी जालन्याहून अमेरिकेला गेलो होतो. तिथे एका रविवारी विमानांचा मोठा मेळा पाहिला. माणसं स्वतःची विमानं घेऊन आली होती आणि पंखांखाली तंबू ठोकून राहिली होती.

"आबाबा, केवढी विमानं हायेत!" मी बोलून गेलो.

"जालन्याकडचे का?" शेजारचा चष्मेवाला हसला. तो आष्टीचा, तिकडे कॉलेजात शिकवत होता. विमानाला हात लावण्याआधी तो मालकाला विचारायचा, मग पंखावर अख्खा तळवा टेकवायचा.

"इथं हात लावू का म्हणलं, की चढून बसा म्हणतेत," तो म्हणाला.

खरंच, एका म्हाताऱ्या वैमानिकाने आम्हा दोघांना चक्कर मारायला बोलावलं. तेवढ्यात मी विचारलं, "आडनाव काय तुमचं?"

"कशाला?"

"सहज. बरं, आष्टीत घर कोणत्या बाजूला?"

आडनाव कळलं नाही की गावाची बाजू विचारून जात काढायची, ही आमची निर्लज्ज चलाखी. वर तिला आपुलकी म्हणायचं! मीही इतकी वर्षं तेच म्हणत आलो.

पंखावरचा तळवा खाली आला. "साहेब, इतक्या दूर येऊनबी माझी वस्ती शोधून राह्यलात? बसा तुम्ही. मी न्हाई बसत तुमच्या शेजारी."

तो गर्दीत निघून गेला.

"तुमच्या मित्राचं नाव काय?" माझा पट्टा बांधताना म्हाताऱ्याने विचारलं.

मी त्याला नुसतं नाव विचारलं असतं, तर सांगता आलं असतं.