आधी सारवण, मग फवारणी

गावात शिरलं की भाऊ आधी एखाद्या भिंतीवरून तळवा फिरवायचे. रामराम नंतर, पाणी त्याहून नंतर. मग तळव्याकडे बघून निकाल द्यायचे, "गेली फवारणी मातीत." तुम्ही म्हणाल, भिंतीत एवढं काय बघायचं? मीही तेच म्हणत होते.

मी तेव्हा भामरागडच्या पलीकडे एका उपकेंद्रात आरोग्यसेविका होते आणि भाऊ आमच्याकडे हंगामी फवारणी कामगार. मूळचे ब्रह्मपुरीकडचे, साठीला टेकलेले. हिवतापाचा डास माणसाला चावला की जड होऊन भिंतीवर बसतो, म्हणून घरात आतून भिंतींवर औषध मारायचं, एवढंच ते काम. पण भाऊंचा त्यात जीव. घरातली मडकी, धान्याच्या टोपल्या ते स्वतः बाहेर काढायचे आणि झाल्यावर जागच्या जागी ठेवायचे. अंड्यांवर बसलेल्या कोंबडीला टोपलीसकट उचलताना "माफी कर वं माय" असंही म्हणायचे.

कटकट एकच. तारखेवरून माझ्याशी भांडायचे.

पहिल्या वर्षी मी त्यांचं ऐकलं नाही. वेळापत्रकाप्रमाणे नदीपलीकडच्या एका माडिया गावात फवारून घेतलं आणि अहवालात शंभर टक्के लिहून मोकळी झाले. आठवड्याभरात तिथे पेरणीआधीचा पंडुम होता, म्हणजे गावाचा सण. सणाला घर सारवायचं नाही तर कधी? बायांनी शेणामातीचा हात फिरवला आणि आमचं औषध त्याखाली गाडलं गेलं. भर पावसाळ्यात चौघांनी एका बाळंतिणीला खाटेवर घालून, डोंग्यातून नदी पार करून माझ्याकडे आणलं. ताप मेंदूत गेला होता. ती वाचली नाही. भाऊ मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी त्याच गावाची तारीख पुन्हा सणाच्या आधीच आली. भाऊंनी पंप खाली ठेवला.

"सारवल्याबिगर मी नाई फवारत, बाई. नाईतर आपन निस्ती फाईल फवारून राह्यलो."

मी म्हटलं, सणानंतर नदी चढली तर आपण अलीकडेच बसू. ते म्हणाले, मग सणाआधी सारवून घेऊ. आता सारवण काय आमच्या हुकमाने होतं? गावच्या पाटलाने मानेनेच नाही म्हटलं, बाया हसून आपापल्या कामाला लागल्या. तेव्हा भाऊंनी बादली मागितली, शेणमाती कालवली आणि स्वतःच पाटलाची भिंत सारवायला बसले.

काय ते सारवण! अर्धी माती भिंतीवर, अर्धी दाढीत. हात आडवा की उभा याचा पत्ता नाही. बघता बघता बाया जमल्या. भाऊंनी मोडक्यातोडक्या माडियात धमकीच दिली, की तुम्ही नाही सारवलं तर सगळ्या गावाची घरं मी अशीच सारवीन. पाटलीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि त्यांच्या हातातली बादली ओढून घेतली.

तीन दिवसांत गाव सारवून झालं. मी तारीख खोडून नवी लिहिली. वरून कारणे दाखवा नोटीस येणार हे पक्कं होतं. आलीही. भिंती वाळल्यावर आम्ही घर न घर फवारलं आणि पावसाळा सरेपर्यंत भिंतीला मातीचा हात लावू नका असं बायांकडून कबूल करून घेतलं. परतताना नदी गुडघ्याला लागली होती.

हंगाम संपला, भाऊ घरी गेले. पण दर आठवड्याला त्यांचा फोन यायचा. नेटवर्क मिळालं की एकच प्रश्न, "त्या गावातून खाट आली का?" मी नाही म्हणायची. "बरं," म्हणून फोन ठेवायचे. माझाही जीव त्या खाटेतच अडकला होता. पाऊस जोराने लागला की मी नदीकडच्या वाटेकडे बघत बसायची.

पाणी उतरल्यावर मी त्या गावात गेले. तापाची माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांच्या रक्ताचे नमुने घेतले, तपासायला पाठवले. हिवताप एकालाही निघाला नाही. मला कुणाला सांगू नि कुणाला नको असं झालं. खरं तर एकाच माणसाला सांगायचं होतं.

फोन त्यांच्या बायकोने उचलला. भाऊ दहा दिवसांपूर्वी गेले होते. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

काकूंनीच विचारलं, "मंग बाई, त्या गावातून खाट आली का?"

"नाही आली, काकू. एकसुद्धा नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "मी सांगतो त्याईले."