शंभरात एक स्वराली

नारायण पेठेतल्या सुनीती खांबेटे यांना जन्मात कोणी दुर्मिळ म्हटलं नव्हतं. त्यांच्यासारख्या बायका पेठेत दर जिन्याला एक मिळतात: पहाटे पूजा, गुरुवारी सहस्रनाम, आणि उरलेल्या वेळात मुलीच्या लग्नाची काळजी. मुलगी स्वराली हिंजवडीला नोकरी करायची आणि आलेल्या प्रत्येक मुलात खोट काढायची. एकाचं हसणं खोटं, दुसऱ्याचं इंग्रजी खोटं, तिसरा तर खराच नको होता.

अशा मुलीने केदार आठल्येला एकदा भेटून आल्यावर "बरा आहे" म्हटलं. खांबेट्यांच्या घरात याचा अर्थ फटाके वाजवायला हरकत नाही असा होतो.

दुसऱ्याच दिवशी केदारच्या आईचा, वासंतीबाईंचा फोन आला.

"आम्ही पत्रिकाबित्रिका मानत नाही हं," त्या म्हणाल्या. "एकविसावं शतक आहे. केदारचं म्हणणं एवढंच, की स्वरालीने ही ऑनलाइन टेस्ट तेवढी द्यावी. स्वभाव कळतो. त्याचा फार दुर्मिळ आलाय, शंभरात जेमतेम एक."

म्हणजे ग्रह नकोत, पण गुण हवेतच. सुनीतीबाई "बरं" म्हणाल्या.

स्वरालीला मान वर करायला फुरसत नव्हती. "करते गं आई, रविवारी," असं म्हणून वासंतीबाईंनी पाठवलेली लिंक आईच्या फोनवर तशीच सोडून ती निघून गेली. इकडे सुनीतीबाईंचा जीव टांगणीला. उशीर झाला की मुलीकडच्यांना रस नाही असा बोभाटा होतो. दुपारी आवराआवर झाल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि मुलीच्या नावाने पहिला प्रश्न उघडला.

"अहो, आपली स्वराली अनोळखी माणसांशी सहज बोलते का?"

"ओळखीच्यांशी तरी कुठे बोलते?" अनंतरावांनी पेपराआडून विचारलं.

सुनीतीबाईंनी प्रामाणिकपणे उत्तरं दिली. निकाल आला, 'घराचा आधार'. खाली केदारच्या प्रकाराशी जुळवून बघायची सोय होती. बघितलं, तर लाल अक्षरांत 'जुळणे कठीण'.

आता यात फसवणूक करायची असं काही त्यांच्या मनात आलं नाही. त्यांच्या स्वतःच्या लग्नात मंगळ आडवा आला, तेव्हा मामांनी जन्मवेळ थोडी पुढे सरकवली होती आणि मंगळ निमूटपणे उठून शेजारच्या घरात जाऊन बसला होता. एवढी वर्षं संसार झाला, मंगळाने एकदाही तक्रार केली नाही. पत्रिका सरकवता येते तर स्वभाव का नाही? त्यांनी टेस्ट पुन्हा दिली. डोंगर चढायला आवडतात? हो. एकटीने परदेशी जाल? का नाही! घरच्यांचा सल्ला घेता? छे! असं सगळं त्या भराभर दाबत गेल्या, आणि खरं सांगायचं तर त्यांना मजाही वाटू लागली. निकाल आला, 'मुक्त शोधक, शंभरात एक'. जुळवणी ब्याण्णव टक्के. देवापुढे साखर ठेवून त्यांनी तो वासंतीबाईंना पाठवून दिला.

गुरुवारी पेठेतल्या बायकांचं सहस्रनाम संपल्यावर त्यांनी सहज म्हणून विषय काढला, "आमची स्वराली शंभरात एक निघाली." झालं. आरतीच्या आधीच सगळ्यांचे फोन बाहेर आले. हिराताई, ज्यांनी आजवर कोणाबद्दल बरा शब्द काढलेला नाही, त्या 'करुणामय मार्गदर्शक' निघाल्या. शंभरात एक. मुलाकडे राहायला लातूरहून आलेल्या कौशल्याबाई म्हणाल्या, "माझं बी शंभरातच एक आलं की! मी तर नुसतं मधलं बटन दाबत गेले." विष्णूला हजार नावं लागली, इथे अख्खी माणूसजात सोळा प्रकारांत बसवली होती आणि सोळाच्या सोळा दुर्मिळ होते.

"एवढ्या सगळ्या शंभरात एक इथेच जमल्या, तर बाकीचे नव्व्याण्णव राहतात कुठे?" सुनीतीबाईंनी विचारलं.

"चिंचवडला असतील," हिराताई म्हणाल्या.

सगळ्या हसल्या. सुनीतीबाईंनी मात्र प्रसाद तसाच पदरात बांधला. ज्या कागदावर मुलीचं लग्न जुळत आलं होतं, तो सगळ्यांना फुकट वाटला जात होता, आणि वर त्यांनी तो खोटा लिहिला होता. स्वरालीला सांगावं असं रोज वाटलं. रोज काहीतरी काम निघालं.

रविवारी आठल्ये आले. शिरा झाला, चहा झाला. केदार स्वरालीकडे बघून खुलला होता.

"तुला एकटीने फिरायला आवडतं हे वाचून फार बरं वाटलं. आपण डिसेंबरात हिमालयात ट्रेकला जाऊ."

"मला?" स्वराली म्हणाली. "मला सिंहगडावर चक्कर येते. कुठे वाचलंस?"

"टेस्टमध्ये."

"मी टेस्ट दिलेलीच नाही."

आत कुकरने नेमकी तेव्हाच शिट्टी दिली. केदारचा चेहरा पडला. "मग हे ब्याण्णव टक्के कोणाशी जुळले?"

अनंतरावांनी कप खाली ठेवला. "माझ्या बायकोशी. अभिनंदन. सासू-जावयाचं इतकं जुळलेलं मी तरी ऐकलं नाही."

वासंतीबाईंनी हसू दाबायला तोंडाला पदर लावला. स्वराली हसली नाही.

"आई, माझ्याबद्दल इतके प्रश्न होते," ती म्हणाली. "मला एकही विचारावासा वाटला नाही?"

"पहिल्यांदा खरंच लिहिलं होतं गं," सुनीतीबाई म्हणाल्या. "ते जुळेना. तू बरा म्हणालीस ना त्याला, मग मला वाटलं, हातचं जाऊ नये."

केदार जावयाच्या जागेवरून थोडा पुढे सरकला. "काकू, मी तीनदा दिली," तो म्हणाला. "पहिल्यांदा माझं 'काटेकोर व्यवस्थापक' आलं होतं. ते मला फार... बँकेतल्यासारखं वाटलं."

"तू बँकेतच आहेस," वासंतीबाई म्हणाल्या.

"आणि हिमालय?" स्वरालीने विचारलं.

"मी गेलो नाहीये अजून. थंडी सोसत नाही मला."

स्वरालीने त्याच्याकडे नीट बघितलं. बहुधा पहिल्यांदाच. मग ती उठली. "खाली चल. चालता चालता बोलू. फोन इथेच ठेव."

दोघं जिना उतरून गेली. सुनीतीबाई गॅलरीकडे निघाल्या, अनंतरावांनी नुसतं "अगं" म्हटलं, आणि त्या परत येऊन बसल्या. वासंतीबाईंनी शिऱ्याची वाटी पुढे केली.

"अजून थोडा वाढा. आणि तुमचं माहेर कुठलं म्हणालात?"

"वाईचं."

"अय्या, माझी मावशी वाईची!"

त्यानंतर ज्या गप्पा सुरू झाल्या, त्यात खरी परीक्षा कधी झाली आणि कोण पास झालं हे दोघींना कळलंही नाही. दिवेलागणीला मुलं वर आली तेव्हा वाईच्या घाटावर दोघींचं एकमत झालेलं होतं.

"आम्ही पुढच्या शनिवारी परत भेटतोय," स्वराली चपला काढता काढता म्हणाली. "हो म्हटलेलं नाही. नुसतं भेटतोय. आणि आई, काही विचारायचं असलं तर मला विचार."

सुनीतीबाईंच्या ओठांवर प्रश्नांची रांग लागली होती. त्यातला एक निवडून त्यांनी विचारला, "तुला खरंच सिंहगडावर चक्कर येते?"

"शाळेत असल्यापासून."

"मला माहीतच नव्हतं," सुनीतीबाई म्हणाल्या आणि तिच्यासाठी शिरा गरम करायला आत गेल्या.