दाजींचा पहारेकरी आणि ताईचा पाहुणा

आमचे दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, पत्र्याचं काम करतात. बादल्या, पिंपं, धुराडी, काय म्हणाल ते. माणूस हाताचा सोन्यासारखा आणि तोंडाचा महाहट्टी. लग्न झाल्यापासून 'माझं चुकलं' हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेले नाहीत. एकदा पिंपाला तळ लावायचा राहून गेला, तर गिऱ्हाइकाला म्हणाले, "असं धुवायला सोपं जातं." गिऱ्हाईक बिचारं ते पिंप घेऊनसुद्धा गेलं.

खाली दुकान, वर घर. दाजी पत्रा कापायचे, दुमडायचे आणि ताई कथील वितळवून जोडाला डाग द्यायची. तिने दिलेला डाग गळत नाही, हे सगळा बाजार जाणतो. दोघांना वेड एकच, यंत्रमानवांच्या सिनेमांचं. पण घोडं अडलं ते इथेच. दाजी 'लोखंडी पहारेकरी'चे भक्त आणि ताई 'पोलादी पाहुणा'ची. दोन्ही मालिकांचे नऊ-नऊ भाग येऊन गेलेत, आणि भिंतीवर एकीकडे त्यांची पोस्टरं, एकीकडे हिची. मधल्या पट्ट्यात फक्त घड्याळ.

मला विचाराल तर एकाच पातेल्यातलं दोन ताटांत वाढलेलं आहे. दोन्हींत टकल्या शास्त्रज्ञ तळघरात यंत्रमानव बनवतो आणि झाल्यावर किंचाळतो, "हे मी काय करून बसलो!" नऊ भाग तेच करतोय, तरी दर वेळी त्याला नवल वाटतं. निळ्या डोळ्यांचा तो चांगला, लाल डोळ्यांचा तो वाईट. वाईट असेल तो दार सताड उघडं असलं तरी छप्पर फोडूनच येणार. चांगल्याला एक लहान मुलगी हसायला शिकवते आणि तो नेमका कुणाच्या तरी मयताला हसतो. शेवटी छातीतली बॅटरी काढून दुसऱ्याला देतो, त्याचे डोळे विझतात आणि थिएटरभर लोक नाकं ओढतात. हे मी एकदा जेवताना बोललो, तर दोघांनी मिळून मला ताटावरून उठवलं. एवढ्या एका बाबतीत त्यांचं एकमत होतं.

भांडण पेटलं ते बॅटरीवरून. पाहुण्याने ती आधी दिली, पहारेकऱ्याने पुढच्या वर्षी. पोस्टरांवर वर्षं छापलेली आहेत, आंधळ्यालाही दिसतील. पण दाजी म्हणाले, "आमचा डाव्या हाताने काढतो. तुमचा उजव्या. याला कुणी नक्कल म्हणत नाही."

"आधी कुणी दिली, एवढंच बोला," ताई म्हणाली.

"आधी दिली म्हणून काय झालं? आम्हाला सुचायच्या आतच तुमच्या लोकांनी ती चोरली!"

ताईने हातातला घास ताटात ठेवला. त्या दिवसापासून ती नवऱ्याशी बोलेना. म्हणजे बोलायची, पण माझ्यामार्फत. मी माझी मालवाहू गाडी दुकानासमोर लावून चहाला येतो, त्याची शिक्षा. नवरा दोन हातांवर बसलेला आणि ही मला सांगतेय, "त्यांना विचार, साखर हवी का." मग एक दिवस म्हणाली, "त्यांना सांग, दोन्हीकडचे दहावे भाग एकाच दिवशी लागतायत. त्या दिवशी पहिला खेळ सुरू व्हायच्या आत 'आधी तुमच्यात आलं' एवढं कबूल करा. नाहीतर मी मैत्रिणीच्या गावी निघाले. तिच्या कारखान्यात मला काम आहे. परत यायची नाही."

दाजी हसले. मी नाही हसलो. कारण दाराशी तिची सुटकेस उभी होती आणि तिच्यात तिने स्वतःची हत्यारं भरली होती. कपडे भरले असते तर मीही थट्टेवारी नेलं असतं. रोज सकाळी सुटकेस उघडून ती हत्यारं काढायची, दिवसभर डाग द्यायची, संध्याकाळी पुसून परत आत ठेवायची.

त्यात चौकातल्या दोन थिएटरांची ऑर्डर आली. समोरासमोरची थिएटरं, एकात पहारेकरी, दुसऱ्यात पाहुणा. दोघा मॅनेजरांना दारात उभा करायला, आत माणूस शिरेल असा पत्र्याचा यंत्रमानव हवा होता. दाजींनी पहारेकरी जीव ओतून बनवला. पाहुण्याला मात्र साफ नकार. "नकलेला माझा हात लागणार नाही."

"त्यांना सांग, माझे लागतील," ताई म्हणाली. तिने खिळ्यावरचा दाजींचाच फर्मा, म्हणजे कापायच्या मापाचा पुठ्ठा, काढला आणि त्यावरून हुबेहूब दुसरा यंत्रमानव कापला. त्याच कडा, खांद्यावर तीच बाहेर वळवलेली दुमड. दाजींच्या डोळ्यांदेखत हे चाललं होतं, पण अबोला असल्यामुळे ओरडताही येईना. फरक एवढाच, की पहारेकऱ्याच्या डोक्यावर एक काडी आणि पाहुण्याच्या दोन.

आत शिरायला परका माणूस दोघांनाही चालेना. म्हणून त्या दिवशी सकाळी एका दारात दाजी उभे राहिले आणि समोरच्या दारात ताई. फर्मा दाजींच्या अंगाचा, त्यामुळे ताईने आत चार उशा कोंबल्या होत्या. पहिल्या खेळाच्या आधी दोघांची लुटुपुटूची कुस्ती लावायचं मॅनेजर लोकांनी ठरवलं होतं. चौक गच्च भरला. एकीकडून "पहारेकरी!", दुसरीकडून "पाहुणा!" अशा आरोळ्या. दोन्ही बाजूंच्या पोरांनी एकसारखेच निळे शर्ट घातले होते, त्यामुळे आपला कोण हे शर्टावरून कळेना आणि काही जण स्वतःच्याच माणसांवर खेकसत होते.

कुस्ती ठरली होती खोटी, पण ताईने धडक दिली ती खरीच. खण्णकन आवाज झाला आणि दोघं तसेच थांबले. पत्र्याचे दोन तुकडे जोडताना कडा दुमडून एकमेकींत अडकवतात ना, तेच झालं होतं. एकाच फर्म्यातल्या दुमडी समोरासमोर आल्या आणि गच्च बसल्या. दाजींचं काम, सुटतंय कशाला! खेचलं तसं आणखी घट्ट. लोकांना वाटलं मिठी आहे. आधी एका निळ्या शर्टाने डोळे पुसले, मग दुसऱ्याने, आणि बघता बघता सगळा चौक रडायला लागला. मी कपाळाला हात लावला आणि गाडी मागे घेतली.

दोघांना उभंच्या उभं गाडीत चढवून दुकानात आणलं. वाटेत मागून पत्र्यात घुमणारा आवाज येत होता.

"त्यांना सांग, माझ्या पायावरचा पाय काढा."

"अगं, मी इथेच आहे! तुझ्या नाकासमोर!"

"त्यांना सांग, ओरडू नका."

दुकानात आणून मी दोघांची डोकी काढली. घामाने निथळणारे दोन लालबुंद चेहरे, मध्ये वीतभर जागा. दुमडीत शिरेल अशी बारीक चोचीची कात्री एकच, ती ताईच्या सुटकेसमध्ये. मी ती काढली, दुमड तपासली आणि म्हणालो, "एकाचा खांदा कापावा लागेल. कापला तो आता दारात उभा राहत नाही. कुणाचा कापू?"

पहिल्या खेळाला थोडाच वेळ उरला होता. ताईची नजर सुटकेसवर होती, आणि दाजींना मान वळवता येत नसली तरी ती कुठे बघतेय हे त्यांना दिसत होतं. या माणसाचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता. मला त्यांची दया आली, आणि थोडा रागही आला.

"माझा काप," दाजी म्हणाले.

ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यांना सांग, हा शेवट आमच्या सिनेमातला आहे. स्वतःचं मोडून दुसऱ्याला द्यायचं."

सवयीने दाजींचं तोंड उघडलं. "आमच्यातसुद्धा डाव्या हाताने..." एवढं बोलून ते थांबले. मग अगदी हळू म्हणाले, "आधी तुमच्यात आलं. आम्ही उचललं. माझं चुकलं."

दुकानात कुणी हललं नाही. तसे ते दोघं हलूही शकत नव्हते.

"सुटकेसमधली सगळी हत्यारं काढ," ताई मला म्हणाली, "आणि भिंतीवर जिथल्या तिथे लाव."

"आधी तुम्हाला सोडवतो."

"आधी हत्यारं लाव म्हटलं ना!"

मी कात्री खाली ठेवली आणि एकेक हत्यार खिळ्याला अडकवायला लागलो. पाठीमागून ताईचा आवाज आला.

"अहो, पाय दुखतायत का तुमचे?"