आई आपली, फाईल तिची

माझी धाकटी नणंद एका मोठ्या दवाखान्याची रेकॉर्ड रूम सांभाळते. पूर्वी नातेवाइकांत कुणी विचारलं की आमच्याकडे "दवाखान्यात असते" एवढंच सांगत. समोरचा लगेच "नर्स का?" म्हणे, आणि नाही म्हटलं की त्याचा उत्साह मावळे. जुन्या कागदांवरची धूळ झटकणं हे काय चारचौघांत सांगण्यासारखं काम आहे, असं घरातल्यांनाही वाटायचं. हल्ली मी तिचं काम नीट समजावून सांगते, आणि ऐकणाऱ्याला सवड असेल तर पुढची हकीकतही ऐकवते.

तिची खोली तळमजल्यावर, एक्स-रेच्या मागच्या बाजूला. छताला टेकतील असे लोखंडी रॅक, भिंतीची ओल कागदांना लागू नये म्हणून वीतभर पुढे ओढलेले. एक चाकांची शिडी, जिचं एक चाक रुसलेलं. बाहेरच्या बाजूला काचेची खिडकी. तिथे लोक आपल्या फायलींच्या प्रती मागायला येतात. खिडकीपुढे तिने जमिनीवर पिवळा पट्टा मारून घेतलाय, मागच्या माणसाने त्याच्या पलीकडे थांबायचं. पुढच्याचं दुखणं मागच्याच्या कानावर जायला नको म्हणून. लोक कुरकुरतात, पण थांबतात.

घरात तिला सगळे "कुलूप" म्हणतात. हे नाव माझ्या नवऱ्याने, म्हणजे तिच्या दादाने ठेवलं. लग्नकार्यात बायका तिला गाठून हळूच विचारणार की अमकीच्या सुनेला म्हणे तुमच्याकडे आणलं होतं, नक्की काय झालं होतं गं? ही ताटावरून मान वर न करता म्हणणार, भाजी छान झालीय, मीठ अगदी बेताचं. तिच्या नवऱ्याची तर तक्रारच आहे, की मी आजारी पडलो तर मला काय झालंय हेही ही मला सांगायची नाही.

तिच्या कामाचे नियम मी तिच्याच तोंडून, भाजी निवडता निवडता ऐकलेत. फाईलचा कागद दवाखान्याचा, पण त्यात लिहिलेलं सगळं त्या माणसाचं. त्याने प्रत मागितली तर ती द्यायलाच हवी, टाळाटाळ करायची नाही. दुसऱ्या कुणी मागितली, मग तो नवरा असो, मालक असो की विमा कंपनीचा माणूस, तर रुग्णाचं लेखी संमतिपत्र हवं. आणि संमती जेवढ्याची तेवढंच द्यायचं. एकदा एका कारखान्याचा अधिकारी कामगाराचं संमतिपत्र घेऊन आला. त्यात फक्त भरती झाल्याच्या आणि घरी सोडल्याच्या तारखांपुरतं लिहिलेलं. हिने तारखा दिल्या आणि खिडकी ओढून घेतली. आजार कोणता ते तरी सांगा, म्हणून तो बराच वेळ काचेवर टकटक करत राहिला. अपवाद थोडे आहेत. कोर्टाचा हुकूम आला तर, किंवा साथीचा रोग असला आणि आरोग्य खात्याला कळवणं भाग असलं तर. पण तिथेही गरजेपुरतंच.

आणि सगळ्यात कडक नियम आतल्यांसाठी. रॅकमधून फाईल काढली की तिच्या जागी एक गुलाबी पुठ्ठा उभा करायचा. त्यावर कोणी काढली आणि कोणत्या कामासाठी ते लिहायचं. दवाखान्यात नोकरी आहे म्हणून कुणालाही कुणाचीही फाईल चाळता येत नाही. ती म्हणते, किल्ली हातात असणं वेगळं आणि हक्क असणं वेगळं.

तर झालं असं. आमच्या वरच्या मजल्यावर एक मास्तर राहतात. एक दिवस जिन्यात त्यांनी यांना थांबवलं आणि काळजीच्या सुरात विचारलं, आईंची तब्येत बरी आहे ना? तुमच्या बहिणीच्या दवाखान्यात बाकावर एकट्याच बसलेल्या दिसल्या. यांनी घरात येऊन सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पाय मोकळे करायला गेले होते. हे म्हणाले, पाय मोकळे करायला माणसं बागेत जातात. त्या म्हणाल्या, बागेत पंखे नसतात.

विषय तिथे मिटला असं त्यांना वाटलं. यांना मात्र चैन पडेना. पुढच्या आठवड्यात सासूबाई परत कुठेशा जाऊन आल्या, पिशवी रिकामी आणि चेहरा उतरलेला. तेव्हा हे तडक बहिणीकडे गेले. मीही मागोमाग गेले, दोघांचा सूर चढला तर मध्ये कुणीतरी हवं म्हणून.

यांनी तिला सरळ सांगितलं, तुझ्या खोलीत आईची फाईल असणार, बघ आणि सांग. आई आपल्या दवाखान्यात येते हे तिला तेव्हाच कळलं. तिचा चेहरा क्षणभर असा झाला, की जणू आपल्याच घराचं दार आतून बंद दिसावं. आईने आपल्याला सांगितलं नाही हे तिला लागलं होतं. पण फाईल बघायला तिने नकार दिला. आईला विचार, म्हणाली. हे म्हणाले, विचारून झालं, ती उडवून लावते. ती म्हणाली, मग थांब. यांचा पारा चढला. उद्या आईचं काही बरंवाईट झालं तर तुझे नियम घेऊन बसशील का, सख्खी आई आहे आपली, काय काय बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"दादा, आई आपली आहे. फाईल तिची आहे."

"म्हणजे आम्ही परके?"

"परके असतो तर सोपं झालं असतं रे," ती म्हणाली.

मी तोवर तिच्या बाजूची होते असं म्हणता येणार नाही. मलाही वाटत होतं, एक पान उलटलं तर कुणाचं काय जाणार होतं?

त्यानंतर तिची साप्ताहिक सुट्टी होती त्या दिवशी हे गुपचूप दवाखान्यात गेले. खिडकीवर नाना होते. नाना तिचे जोडीदार, निवृत्तीला आलेले, सरळ आणि मायाळू गृहस्थ. यांनी आईची फाईल मागितली. नानांनी हात जोडून सांगितलं की मुलगा असलात तरी देता येत नाही. पण यांचा चेहरा बघून त्यांना राहवलं नाही. आपल्या ताईंची आई म्हणजे आपलीच, असं म्हणत त्यांनी फाईल रॅकमधून काढली, पाकिटात घातली आणि नणंदेच्या टेबलावर ठेवून दिली. ताई उद्या येतील, त्या बघतील, म्हणाले. बाहेरच्यासाठी नियम जिवापाड पाळणारा माणूस घरच्यासाठी असा घसरला. गुलाबी पुठ्ठाही लावायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी तिला टेबलावर ते पाकीट दिसलं. वर आईचं नाव. त्या वेळचं तिने मला नंतर सांगितलं. पाकीट चिकटवलेलं नव्हतं. खोलीत कुणी नव्हतं. नुसतं बोट सरकवलं असतं तर उत्तर समोर होतं. आणि आईला काय झालंय हे कळावं म्हणून तिचा जीव आमच्यापेक्षा जास्त तुटत होता. वहिनी, मी खुर्चीवर बसलेच नाही, म्हणाली. बसले असते तर उघडलं असतं.

तिने नानांना बोलावलं. त्यांनी घडलं ते सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, ठेवतो जागेवर, कुणाला कळणारसुद्धा नाही. तिने गुलाबी पुठ्ठा पुढे केला. कामाच्या रकान्यात काय लिहू, नानांनी विचारलं. झालं ते लिहा, ती म्हणाली. नानांनी चष्मा पुसून लिहिलं, 'काम नसताना काढली', आणि खाली सही केली. मग दोघं मिळून फाईल जागेवर ठेवून आले आणि तसेच वर अधीक्षकांकडे गेले.

अधीक्षक डॉक्टर भला माणूस. त्यांनी नानांना लेखी समज दिली आणि नणंदेला विचारलं, आता पुढे काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे ना? माहीत होतंच. फाईल कारणाशिवाय बाहेर निघाली तर जिची आहे तिला ते कळवायचं, हा दवाखान्याचा नियम. एरवी टपालाने पत्र जातं. पण डॉक्टरच म्हणाले, पत्र घरी गेलं तर ते पहिलं कोण उघडेल? म्हणजे तेही बाहेर फुटायचं. तेव्हा समक्ष सांगायचं ठरलं. मी सांगू का, असंही त्यांनी विचारलं. ती म्हणाली, नको, खोली माझ्या ताब्यात आहे.

दुपारी ती आमच्याकडे आली. हे कामावर गेलेले. मी कपड्यांच्या घड्या घालत होते ती उठून आत जायला निघाले, तर सासूबाईंनीच हाताने बसवलं. नणंद त्यांच्यासमोर उभी राहिली, दवाखान्याच्या ओळखपत्राची दोरी अजून गळ्यातच.

"आई, तुझी फाईल काल आमच्याकडे कामाशिवाय रॅकमधून निघाली. उघडली कुणी नाही. परत जागेवर आहे. चूक आमची आहे. तुला हवं तर तू लेखी तक्रार करू शकतेस."

सासूबाईंनी तिच्याकडे बघून विचारलं,

"तुझ्या हातात आली होती?"

"हो."

"मग बघितली का नाहीस?"

"तू सांगितलं नव्हतंस," ती म्हणाली, आणि तिथे मात्र तिने डोळे पुसले.

सासूबाईंनी तिला जवळ बसवलं. म्हणाल्या, या शहरात दवाखाने काय कमी आहेत? आपल्या गल्लीच्या तोंडाशीच एक आहे. मी दोन बस बदलून तुझ्याकडेच का येत होते, ते तुला कळलं नाही? माझा कागद तुझ्या रॅकवर राहिला तर कुणाच्या तोंडी जाणार नाही, अगदी तुझ्यासुद्धा, एवढं मला ठाऊक होतं. बाकी कशाची खात्री वाटत नव्हती गं त्या दिवसांत, पण याची होती.

मग त्यांनी आपणहून सांगितलं. विस्मरणाचा आजार. नुकती सुरुवात आहे. एकदा बाजारातून परतताना ओळखीचं वळण अनोळखी वाटलं, म्हणून त्या स्वतःच तपासायला गेल्या होत्या. डॉक्टरांनी औषधं दिली होती, ती त्या ट्रंकेत साड्यांखाली ठेवत होत्या. नणंद रडली, मीही रडले. सासूबाई मात्र बऱ्याच दिवसांनी मोकळ्या दिसत होत्या.

संध्याकाळी हे आले तेव्हा सासूबाईंनी त्यांनाही समोर बसवून सांगितलं. यांचा पहिला प्रश्न, मला का नाही सांगितलंस.

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू माझ्या खोलीची कडी काढली असतीस आणि गॅसला हात लावू दिला नसतास. मला अजून सगळं समजतंय तोवर मी कसं राहायचं ते मी ठरवणार. आणि कुणाला कधी सांगायचं तेही."

कडी काढण्याचा विचार यांच्या मनात त्याच क्षणी आला असणार. मी यांना ओळखते. मग उठून त्यांनी, तोवर थांबलेल्या बहिणीला पाणी आणून दिलं. माफी मागायची त्यांची रीत तेवढीच. पण दुसऱ्या दिवशी नानांकडे जाऊन आले, आणि तिथे मात्र शब्दांत मागितली.

सासूबाईंनी नंतर एक कागद करून घेतला. पुढेमागे मला समजेनासं झालं, तर माझ्या उपचारांबद्दल मुलीला विचारा आणि तिला सगळं दाखवा, असा. डॉक्टरांसमोर, पूर्ण शुद्धीत, वळणदार अक्षरात सही केली. मुलगा मोठा असून मुलीचं नाव का, असं एका नातेवाइकांनी विचारलंच. सासूबाई म्हणाल्या, जिला न विचारता बघता आलं असतं आणि जिने बघितलं नाही, तिच्यावर नाही तर कुणावर भरवसा टाकू? या उत्तरावर यांनी मान डोलावली, आणि मला त्यांचाही अभिमान वाटला.

परवा दुसऱ्या एका डॉक्टरांचं मत घ्यायचं म्हणून फाईलची प्रत हवी होती. नणंद घरी घेऊन येईल असं मी धरून चालले होते. सासूबाई म्हणाल्या, छे, मला तिथवर जाववतंय तोवर माझी मी मागणार. मी सोबत गेले. त्या रांगेत उभ्या राहिल्या. नंबर आला तशा खिडकीशी गेल्या आणि अर्ज आत सरकवला. आतून नणंदेने अर्ज वाचला, आणि अगदी सरळ आवाजात म्हणाली, "ओळखपत्र दाखवा."

सासूबाईंनी पर्स उघडली. कार्ड चटकन सापडेना. नणंद थांबली. घाई केली नाही, राहू द्या म्हटलं नाही. शेवटी सापडलं. तिने ते फोटोशी ताडून बघितलं, नोंद केली, सही घेतली आणि प्रत बाहेर दिली.

सासूबाईंनी पाकीट छातीशी धरलं, आणि मागे ताटकळलेल्या साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मुलगी आहे माझी. नऊ महिने पोटात होती. तरी कार्ड बघितल्याशिवाय देत नाही."

रांग हसली. काचेआड नणंदेने मान खाली घालून पुढचा अर्ज घेतला.